दोन घरचा पाहुणा

डुलुथच्या इस्पितळात, तळघरात, माझं टेबल.
वर माणसं बरी होतात, किंवा होत नाहीत.
खाली मी ठरवते
त्यांचं बिल आधी कुणाच्या दारात उभं करायचं.
खिडकी नाही. सरोवर गोठलं की पाइप वाजतात,
तेवढंच मला बाहेरचं कळतं.

आयव्हर हाविस्तो. वय सहा. डावखुरा.
जानेवारीत बर्फावरून घसरला, डावंच कोपर मोडलं.
दोन पिना, एक रात्र, अकरा हजार चारशे डॉलर.
बापाचा विमा काउंटीचा;
डेल रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवतो.
आईचा, कागदाच्या गिरणीतल्या कँटीनचा.
दोन-दोन कार्डं आहेत की, डेल म्हणाला त्या रात्री,
मग काळजी कसली.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
दोन कोट चढवले म्हणून ऊब दुप्पट होत नाही, बाबा.
आणि दोन घरचा पाहुणा…
पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

काउंटीच्या विम्यानं आधी मुकाट पैसे दिले.
मग फेब्रुवारीत पत्र:
मुलाची आणखी एक पॉलिसी असल्याचं समजतं,
दिलेले परत करा.
आईच्या विम्याचं पत्र:
आधी त्यांनी काय दिलं ते दाखवा.
दारात अडलेले दोन सभ्य गृहस्थ,
तुम्ही आधी, छे छे, तुम्ही,
आणि उंबऱ्यावर, मधोमध,
गळ्यात हात बांधलेलं पोर.

मी आईला फोन लावला. सिग्ने तिचं नाव.
मागे ताटल्यांचा खडखडाट.
म्हटलं, एक नियम आहे, ऐकून हसाल.
आईबाप दोघांचाही विमा असला
तर वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो
त्याचा विमा पहिला.
कोण मोठं, कोण जास्त कमावतं,
कुणाची पॉलिसी दणकट, काही नाही.
जन्मसालसुद्धा नको. महिना आणि दिवस.

डेलचा एकोणीस नोव्हेंबर, ती लगेच म्हणाली.
आणि तुमचा?
ताटल्या थांबल्या.
चार मार्च.

म्हणजे तुमचा पहिला.
अहो, पण माझा फाटका आहे, ती म्हणाली,
चार हजार माझ्या खिशातून गेल्याशिवाय
तो डोळाही उघडत नाही.
असं म्हणाली, जणू पाहुण्यांपुढे
कान तुटलेला कप गेलाय.

असू दे. पहिल्यानं पहिलं बोलायचं, एवढंच.
देईल ते देईल,
नाही म्हणेल ते लेखी नाही म्हणेल,
तो कागद घेऊन मी दुसऱ्याकडे जाईन.
उरलेलं तो बघेल, त्याच्या हिशेबानं.
दोघं मिळून बिलापेक्षा एक सेंट जास्त देणार नाहीत.
आणि कमी दिलं तर?
कमी दिलं तर मी पुन्हा फोन करेन.

तारीख भरली. चौकट हिरवी झाली.
फोन ठेवला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात
दिसलं: मार्च, चार.

आमच्या सूचनापत्रात
वाढदिवस विचारायची ओळ आहे.
त्यानंतरची ओळ नाही.
रिसीव्हर उचलला, ठेवला.
पुढचं बिल एका म्हाताऱ्याचं होतं,
मेडिकेअर आधी की बायकोची कंपनी आधी,
कंपनीत माणसं किती, वीसच्या वर की खाली.
मोजत बसले.

जूनमध्ये हिशेब मिटला.
उरले त्रेसष्ट डॉलर, तिनं दोन हप्त्यांत दिले.
दुसऱ्या चेकवर, सहीच्या खाली,
पेन्सिलीनं आणखी एक नाव:
मोठ्ठं, ओळ सोडून वर चढलेलं,
एक अक्षर उलटं.
डाव्या हाताचं, हे सांगायला नकोच.

चेक पुढे पाठवण्याआधी मी त्याची प्रत काढली.
फाइलला लागत नाही.